ताटातलं पाप

दक्षिण आफ्रिकेत पाप मागवून खावं लागतं, आणि लोक ते रोज खातात. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, एवढंच ते पाप. लिंपोपो नदी ओलांडून झिम्बाब्वेत शिरलं की तिला साडझा म्हणतात, झांबेझीपलीकडे झांबियात न्शिमा, उत्तर नामिबियात ओशिफिमा. पासपोर्टवर शिक्के वाढत जातात, ताटातला गोळा मात्र हलत नाही.

सफारीच्या लॉजमध्ये बुफेच्या टोकाला ही उकड झाकून ठेवलेली असते. ती चाखून मत बनवू नये. तासभर गरम भांड्यात बसली की वर पापुद्रा धरतो आणि आत रबर होतं. झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावात असाल तर दुपारी जेवणाच्या वेळी चिनोतिंबा वस्तीकडे जावं. तिथे ती चुलीवरून थेट ताटात येते.

करायची रीत ऐकायला सोपी आहे. चौघांसाठी एक लिटर पाणी आणि साधारण ४०० ग्रॅम पीठ. त्यातलं मूठ-दोन मूठ पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग ढवळत ढवळत उकळतं पाणी घालायचं. इथेच नवखा फसतो. कोरडं पीठ थेट आधणात टाकलं की प्रत्येक गुठळीचं वरचं पीठ तत्क्षणी शिजून चिकट होतं, आतलं कोरडंच राहतं, आणि मग कितीही घोटा, गुठळी फुटत नाही. पातळ पेज झाली की झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं रटरटू द्यायची. या पायरीत घाई केली तर शेवटपर्यंत कच्च्या पिठाचा वास राहतो. झाकण मात्र सांभाळून उचलावं; पेज फटाफट उडते आणि मनगटावर पडली तर फोड आणते. मग उरलेलं पीठ मूठमूठ पेरत ‘मुगोटी’ने, म्हणजे चपट्या टोकाच्या लांब लाकडी दांडक्याने, भांड्याच्या कडेला दाबत घोटायचं. हे काम खांद्याचं आहे, मनगटाचं नव्हे. शेवटी मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. वाढायचा डाव पाण्यात बुडवून घेतला की गोळा गुळगुळीत सुटतो.

दक्षिण आफ्रिकेत निखाऱ्यांवरच्या मांसाच्या जेवणाबरोबर, म्हणजे ‘ब्राय’बरोबर, याचाच मोकळा भाऊ भेटतो. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात खारं पाणी उकळून मधोमध पिठाचा ढीग ओतायचा आणि अजिबात न ढवळता झाकायचा. नंतर काट्याने मोकळा करायचा. दिसायला आपला सांजाच. त्यावर टोमॅटो-कांद्याचा रस्सा. झुलू लोक त्याला फुथु म्हणतात आणि आंबलेल्या दुधात कालवून खातात. ही दुसरी रीत उन्हाळ्यात जास्त शहाणपणाची वाटते.

हात धुवायला तांब्या आणि तसराळं येतं. उजव्या हाताने लचका तोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात कालवण धरायचं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही; फक्त वाफाळता लचका वळताना बोटं पोळतात, एवढं लक्षात ठेवायचं. शाकाहारी असाल तर झिम्बाब्वेत ‘मुरिवो उने दोवी’ मागावं. दाण्याचं कूट घालून शिजवलेली पालेभाजीच ती, आणि पहिल्या घासाला घरी आल्यासारखं वाटतं. शेंगदाणा वाटून अगदी लोण्यासारखा करतात, एवढाच फरक. मासे खाणाऱ्यांसाठी कपेंटा आहे. बोटाएवढे हे मासे १९६७-६८च्या सुमारास टांगानिका सरोवरातून आणून झांबेझीवरच्या करिबाच्या धरणात सोडले. आता रात्री दिवे लावून ते पकडतात आणि वाळवून बाजारात विकतात. त्या बाजारात शिरलं की वासावरून रत्नागिरीत आल्यासारखं वाटतं. मोपाने झाडावरच्या अळ्यांचं धाडस ज्याचं त्याने करावं. वाळवण्याआधी पोटातला पाला नीट पिळून काढला नसेल तर त्या वाळू चावल्यासारख्या लागतात. बोत्स्वानाने मात्र या अळीला पाच ‘पुला’च्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, नाण्यावर बसवलं आहे.

गंमत अशी की मका तिथला नव्हेच. तो अमेरिकेतून युरोपीय जहाजांतून आला. त्याआधीची तिथली धान्यं म्हणजे ज्वारी आणि बाजरी. ही दोन्ही आफ्रिकेतच माणसाळली आणि सुमारे ४००० वर्षांपूर्वी आपल्याकडे पोचली. म्हणजे सोलापूरची भाकरी मूळची तिकडची, आणि तिकडच्या ताटात परदेशी पाहुणा. बोत्स्वानात आजही ज्वारीची उकड, ‘बोगोबे’, मिळते, तर उत्तर नामिबियात बाजरीची. दोन्ही एकेकदा चाखून पाहाव्यात. मक्यापेक्षा चव खरखरीत आणि खरी लागते.

पण पोट मक्याशीच बांधलेलं आहे, तेही पांढऱ्याच. पिवळा मका म्हणजे जनावरांचं खाद्य किंवा दुष्काळाची आठवण. १९९२च्या दुष्काळात झिम्बाब्वेत बाहेरून आला तो पिवळा. झांबियात जून १९९०मध्ये पिठाचा भाव दुपटीहून वाढला तेव्हा लुसाकात दंगली पेटल्या, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा निवडणूक हरले.

हत्तीलाही मका प्रिय. पाऊस नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलच्या आसपास व्हिक्टोरिया धबधबा इतका भरतो की तुषारांत समोरचं काही दिसत नाही, आणि त्याच सुमारास शिवारात कणसं भरतात. पर्यटक तेव्हा कमी, कारण गवत उंच असतं आणि जनावरं विखुरलेली. ऑगस्ट-ऑक्टोबरात ती पाणवठ्यांवर गोळा होतात तेव्हा गर्दी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा धबधबा बराचसा कोरडा कातळ असतो, हे तिकीट काढण्याआधी कुणी सांगत नाही. हत्ती मात्र शेतात येतो तो नेमका कणसांच्या दिवसांत, तोही रात्री. शेतकरी माळ्यावर बसून डबे बडवतात. शिवाय हत्तीच्याच शेणात कुटलेली मिरची कालवून विटा थापतात, उन्हात वाळवतात आणि बांधावर धुमसत ठेवतात. त्या धुराने हत्ती वळतो. वारा फिरला तर घरातली माणसंही शिंकून बेजार होतात. दोरीवर मिरची लावायची तर ती जुन्या इंजिन ऑइलमध्ये कालवतात, नाहीतर पहिल्या सरीत धुऊन जाते.

तंबूत राहून स्वतः पाप रांधणाऱ्यांनी बुडाला धरलेल्या खरवडीचं काय करायचं ते रात्रीच ठरवावं. बोत्स्वानात सावुतीसारख्या जंगलातल्या ठिकाणी तंबूंभोवती कुंपण नसतं. भांडं भिजत घालून बाहेर ठेवलं तर ते तरस घेऊन जातो. ते घासून गाडीत कोंडावं आणि काचा बंद कराव्यात. बाहेर राहिलंच, तर सकाळी आसपासच्या झुडपांत शोधावं. सापडतं कधी कधी, काठावर दातांच्या खुणांसकट.