अण्णांचे कान आणि माझं पाच दिवसांचं ट्रेनिंग

छोट्या बंद खोलीत बसवून हेडफोन लावले आणि तपासणाऱ्या ताईंनी हातात एक बटण दिलं. "टूं असं ऐकू आलं की दाबायचं, कितीही बारीक असू दे." मी दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेतून पाहिलं तर ताई मशीनचं बटण फिरवतच होत्या. म्हणजे आवाज चालू होता, मलाच येत नव्हता.

नोकरीआधीच्या मेडिकलमधली ही तपासणी. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आलेख दाखवला. २५ डेसिबलच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आतलं सगळं साधारण धरतात; आकडा जेवढा मोठा, तेवढी रेघ खाली आणि ऐकू येणं कमी. माझ्या उजव्या कानाची रेघ सरळ होती. डाव्या कानाची ४००० हर्ट्झच्या बारीक, उंच आवाजापाशी ३५ पर्यंत खाली उतरली होती आणि ८००० ला परत वर आली होती. "मोठ्या आवाजात काम केलंय का कधी?" त्यांनी विचारलं. वय २३, पहिलीच नोकरी, काय सांगणार? मग आठवलं. सातवीपासून बारावीपर्यंत प्रत्येक उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, यंत्रमागाच्या कारखान्यावर जायचो, कांड्या भरायला. डॉक्टरांनी मान हलवली. आवाजाने कान जातो तेव्हा आधी तिथेच, ४००० पाशी खड्डा पडतो, म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरी जाते की काय, हे एक. आणि दुसरं म्हणजे, माझ्या सहा सुट्ट्यांनी एवढा खड्डा पडला असेल, तर अण्णांची ३१ वर्षं?

नोकरी गेली नाही. 'फिट' असाच शेरा आला. हा आलेख पाया म्हणून फाइलला राहील आणि दरवर्षी नवीन काढून त्याच्याशी ताडून बघू, असं सांगितलं. खाली उतरलेली रेघ वर येत नाही, पण आणखी उतरणार नाही हे बघता येतं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. आमच्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून नियमित विमान उडेल, हे ऐकत मोठा झालो. १५ जून २०२३ ला शेजारच्या साखर कारखान्याची विमानांच्या आड येणारी चिमणी पाडली, तेव्हा गावात लोकांनी गच्चीवर चढून धूळ पाहिली. कुणाला वाईट वाटलं, कुणाला बरं. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. लाइन मेंटेनन्सच्या मदतनीस टेक्निशियनची जागा निघाली, तेव्हा मी अर्ज केला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. विमान उडायला योग्य आहे अशी सही परवानाधारक इंजिनिअर करतात, आमच्याकडे त्यांच्या हाताखालचं काम. चाकांना अडण्या लावायच्या, चाकांच्या गिअरला पिना घालायच्या, शेपटीखाली टेकू द्यायचा, टायरची हवा बघायची, हत्यारं मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची.

पण त्याआधी पाच दिवस ट्रेनिंग. चार दिवस सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये, पाचवा विमानापाशी. शिकवायला आलेले सर नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात बरीच वर्षं काम केलेले. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मुंबई, डिसेंबर २०१५. कोलकाता, जुलै २०१९. मुंबईत विमान मागे ढकलण्याच्या वेळी जवळ उभा असलेला तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. कोलकात्यात पंख्याच्या विमानाखाली काम करताना चाकाच्या कप्प्याचं दार बंद झालं आणि तरुण टेक्निशियन त्यात सापडला. दोघंही आपल्यासारखेच, कामावर आलेले. सर म्हणाले, "विमान सुरक्षित कसं ठेवायचं हे शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी एवढंच शिकवणार, की तुम्ही संध्याकाळी घरी कसे जाल." हॉलमध्ये बारा जण होतो. त्या वाक्यानंतर कुणी मोबाइल बाहेर काढला नाही.

कोलकात्याच्या दारामागे हायड्रॉलिक, म्हणजे नळ्यांतल्या तेलाचा, दाब होता. आमच्या एटीआर या दोन पंख्यांच्या विमानात तो ३००० पीएसआय असतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये तीसेक असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून पिन घालायची, सर्किट ब्रेकर ओढून त्याला कॉलर (तो परत आत दाबला जाऊ नये म्हणून कडं) लावायची, लाल पट्टी अडकवायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या अंगावर आली. नळीला सुईएवढं भोक पडलं तर गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. एवढ्या दाबाची धार कातडीतून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, आणि आत मात्र बोट सडायला लागलेलं असतं. असा ठिपका दिसला तर मलम लावत बसायचं नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. ते तेल डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा. घड्याळ लावून आम्ही नळाखाली पाच मिनिटं उभे राहिलो, तेवढीच किती लांब वाटतात हे कळायला.

अंगठ्या, कडी, गळ्यातले दोरे काढण्याचा भाग, उंचीवर पट्टा कुठे अडकवायचा तो भाग, आग विझवायचं नळकांडं, हे सगळं झालं. एटीआर ७२ ची शेपूट साडेसात मीटरच्या वर आहे, म्हणजे आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा उंच, एवढं लक्षात राहिलं.

तिसरा दिवस आवाजाचा. सरांनी आधी डेसिबल समजावला. तीन डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० ची मर्यादा आहे. सर म्हणाले तुम्ही ८५ धरा आणि दर तीनला वेळ निम्मा करा. ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. मी वहीत हा तक्ता लिहीत होतो आणि अर्ध्या तासापाशी पेन थांबलं.

मग कानात प्लग घालायला शिकवलं. मला वाटलं होतं यात काय शिकायचं? बारापैकी नऊ जणांचे चुकले. कापसाच्या बोळ्यासारखा नुसता कोंबायचा नसतो. स्पंजचा प्लग अंगठा आणि बोटांमध्ये वळत वळत बारीक काडी करायची, सुरकुती पडू द्यायची नाही. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. काडी आत सरकवायची आणि बोटाने दाबून तीस सेकंद धरायची, ती फुगून बसेपर्यंत. हात आधी धुतलेले पाहिजेत, नाहीतर तेल-ग्रीस कानात. प्लगवर मफ (हेडफोनसारखं कान झाकणारं कवच) चढवला की दोन्हींची बेरीज होते असं मला वाटायचं. तसं नाही, पाचेक डेसिबलच वाढतात. पण विमानापाशी ते पाचसुद्धा पाहिजेत, कारण या विमानाला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं. जमिनीवर वीज आणि थंड हवा मिळावी म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून फक्त त्याचा पंखा ब्रेकने धरून ठेवता येतो. त्याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवाशांना पंखा थांबलेला दिसतो. उजव्या बाजूला काम करणाऱ्याच्या कानाशी मात्र इंजिन चालूच असतं.

सुट्टी झाल्यावर मी सरांना आवाज मोजायचं यंत्र एका संध्याकाळपुरतं मागितलं. का, ते सांगितलं. त्यांनी काही न बोलता पिशवीतून काढून दिलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णांची शेड. आठ लूम (यंत्रमाग), सहा माणसं, टॉवेल. आत गेलं की माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात. लहानपणी मला ती गंमत वाटायची. मी अण्णांच्या कानाच्या उंचीवर यंत्र धरलं. आकडा ९६ आणि ९८ च्या मध्ये हलत राहिला. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय, आकडा हलतोय. ९७ धरलं तर अर्धा तास. अण्णा बारा तासांची पाळी करतात. मी ते यंत्र त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं, हसले, आणि खुणेने विचारलं, "किती किलो?"

घरी टीव्हीचा आवाज मोठा असतो म्हणून आई चिडते. हाक मारली तर ओ देत नाहीत म्हणून आम्ही बहीण-भाऊ चिडायचो. "अण्णांचं लक्षच नसतं," असं मी कितीदा बोललोय.

नंतर वाचलं. १९४८ च्या कारखाना कायद्याला (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) तिसरी अनुसूची होती. सरकारला कळवलेच पाहिजेत अशा आजारांची यादी. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आणि त्यातच आवाजाने येणारा बहिरेपणा. म्हणजे अण्णांना जे झालंय त्याला कायद्यात नाव आहे. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा माणसं असली तर कारखाना, असा त्या कायद्याचा मूळ हिशोब. सहा माणसांची शेड त्यात बसतच नव्हती. गावात अशा किती शेड आहेत ते यंत्रमागावर वाढलेल्या कुणालाही विचारा. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. मालक स्वतः त्याच शेडमध्ये बसतात, तेही मोठ्यानेच बोलतात.

चौथा दिवस माणसाच्या चुकांचा. कॅनडात १९९३ मध्ये गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतल्या चुकांची बारा कारणं मांडली, ती जगभर शिकवतात. थकवा, घाई, दबाव, न विचारणं, गृहीत धरणं. त्यात एक आहे 'नॉर्म्स'. सरांनी मराठीत विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? मागून माझा अक्कलकोटचा जोडीदार म्हणाला, "चालतंय की." सरांनी तेच फळ्यावर लिहिलं. पुस्तकात असं लिहिलंय पण सगळे तसं करतात, म्हणून चालतंय की. त्याच दिवशी धोका दिसला तर कागदावर कळवायचा फॉर्म शिकलो. आपल्याकडे असं कळवणं म्हणजे चुगली समजतात. सरांनी सांगितलं, फॉर्ममध्ये माणसाचं नाव लिहायचं नाही, काय दिसलं ते लिहायचं.

पाचव्या दिवशी विमानापाशी गेलो. एप्रिलची दुपार, काँक्रीटमधून वाफा. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, घाम यायचा बंद झाला किंवा जोडीदार असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत न्यायचं, पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची, हे आम्ही सोलापूरकर असून नीट माहीत नव्हतं. हॉटेल मोड चालू होता. मला उजव्या चाकाची अडणी तपासायला सांगितली. मी सरळ निघालो, पंख्यासमोरून. चार पावलं टाकली असतील, मागून सरांनी बाही धरली. मी मफ बाजूला करून म्हणालो, "सर, पंखा थांबलाय." ते कानाशी येऊन म्हणाले, "थांबला नाही, थांबवलाय. ब्रेकवर आहे. फरक कळतोय का?" मग मला विमानाच्या विंगच्या टोकाला पूर्ण वळसा घालून नेलं. त्या वळशाला एक मिनिटही लागत नाही. माझे पाय मात्र अडणीपाशी पोहोचेपर्यंत थरथरत होते. चार दिवस शिकून, पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली दोन माणसं डोळ्यांसमोर असूनही मी गेलो होतो, कारण तीच वाट जवळची होती.

लेखी परीक्षा, तोंडी, प्लग घालून दाखवणं, सगळ्यात पास झालो. दोन वर्षांनी पुन्हा उजळणी आहे. कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पहिला फॉर्म भरला. एका मफच्या गादीला चीर गेली होती, त्यातून आवाज आत येतो. हात कचरत होता, पण भरला. दोन दिवसांत नवीन गाद्यांचं पाकीट आलं.

अण्णांना सरकारी दवाखान्यात नेऊन तपासलं. दोन्ही कानांच्या रेघा उतारावरून खाली गेलेल्या. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत, यंत्र लावता येईल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र घेतलंय. अण्णा ते घरी लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, फ्रीज नेहमीच असा वाजतो का?

शेडमध्ये वाटायला मी प्लगची दोन पाकिटं विकत आणली. कुणी घेईना. धागा तुटला की लूमचा आवाज बदलतो, त्यावरच सगळं काम, तो ऐकायला नाही आला तर तागा खराब, आणि तागा खराब तर पगार कापला. अडचण खरी आहे. मी म्हणालो, आवाज बंद होत नाही, सगळाच सारखा खाली येतो, बदल कळतो. शेवटी रातपाळीचा एकोणीस वर्षांचा पोरगा तयार झाला. पण त्याला तो वळता येईना, प्लग चपटा व्हायचा.

अण्णा लूम सोडून आले. त्याच्या हातातला प्लग घेतला, तुटलेला धागा जोडताना वळतात तसा अंगठ्याखाली दोनदा फिरवला. सुरकुतीसुद्धा पडली नाही. मग दुसरा हात त्या पोराच्या डोक्यावरून नेला, कान वर-मागे ओढला, काडी सरकवली आणि बोट दाबून उभे राहिले. मी घड्याळ बघत होतो. तीस सेकंदांनी मी खूण केली, तेव्हा त्यांनी बोट काढलं आणि दुसऱ्या कानासाठी हात पुढे केला.