वीस सेकंद

अ‍ॅक्शनपटांची टिंगल करणाऱ्या सिनेमात एवढी हाणामारी कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टिंगल करायला आधी ती हाणामारी चोख यावी लागते.

पॉल व्हर्होव्हेनचा 'रोबोकॉप' (१९८७) घ्या. कंपनीच्या बैठकीत ईडी-२०९ या यंत्राचं प्रात्यक्षिक आहे. एकाने त्याच्यावर पिस्तूल रोखायचं, यंत्र २० सेकंदांची मुदत देणार, त्याने पिस्तूल टाकायचं. तो टाकतोही, पण यंत्राची मोजणी थांबत नाही. मूळ कटमध्ये माणूस शहराच्या मॉडेलवर मरून पडला तरी गोळ्या सुरूच. इतक्या, की घाबरलेला प्रेक्षक हसायला लागतो. अमेरिकेतल्या रेटिंग मंडळाने आधी एक्स रेटिंग (फक्त प्रौढांसाठी) दिलं, म्हणून हा प्रसंग छाटावा लागला. हिंसा थोडी घटली, पण गंमत गेली आणि उरला नुसता खून. विडंबनात 'जरा जास्त' चालत नाही, हद्दच लागते.

उलटा रस्ता म्हणजे नायकाला मिळणारी एखादी सूट काढून घ्यायची. एमपी५ बंदूक मिनिटाला साधारण ८०० गोळ्या झाडते, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन सव्वादोन सेकंदांत रिकामं. पडद्यावर ते संपतच नाही. 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो'त (१९९३) सिनेमातला नायक खऱ्या जगात येतो, गाडीची काच ठोसा मारून फोडतो आणि हात दुखावतो. झकास. पण त्याच्या सिनेमातल्या जगात पोलीस ठाण्यात कार्टून मांजर डिटेक्टिव्ह म्हणून फिरतं. जे जग आधीच चेष्टेचं, तिथून बाहेर पडल्याचा धक्का कितीसा बसणार? दिग्दर्शक जॉन मॅकटियरनन, 'डाय हार्ड'वाले. त्यांच्याकडून ही चूक नवलाची.

'हॉट फझ' (२००७) या पोलिसांवरच्या विनोदी सिनेमाने हे नेमकं साधलं. फॉर्म भरणं, शिक्का मारणं असली ठाण्यातली कारकुनी त्यात चकमकीसारखी झटपट कट आणि दणदणीत आवाज देऊन दाखवली आहे. शेवटी खरी चकमक येते ती पूर्ण ताकदीने, आणि ती संपली की पुन्हा कागदपत्रं!

स्फोटाकडे पाठ करून ऐटीत चालणं? सिनेमातला तो नारिंगी लोळ बहुधा स्फोटकाच्या छोट्या चार्जने उडवलेल्या पेट्रोलचा असतो: दिसायला मोठा, धक्का कमी. खऱ्या स्फोटकात धूळ जास्त, आणि दाबाची लाट आवाजापेक्षा वेगाने येऊन आदळते. 'द अदर गाइज'मध्ये (२०१०) नायक स्फोटाने आडवा पडतो आणि वळूनही न पाहणाऱ्या नायकांच्या नावाने जमिनीवर लोळत ओरडतो.