आठ वर्षांपासून गडावर जातेय, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

माझ्या भाचीचा बुधवारी इंटरव्ह्यू आहे, आयुष्यातला पहिलाच. परवा रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढताना मी तिला म्हटलं, "चल, तुझा छंद सांग इंग्रजीत." ती लगेच म्हणाली, "आय ॲम गोइंग टू सिंहगड सिन्स एट इयर्स."

मी तिथेच थांबले. वाक्य चुकीचं होतं, पण त्यातला विचार पक्का होता. आपण म्हणतो, "मी आठ वर्षांपासून गडावर जातेय." आठ वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि आजही चालू असलेली गोष्ट मराठी सरळ वर्तमानकाळात मांडते. मागचा सगळा काळ 'पासून' हा एक शब्द पेलतो. इंग्रजीत ते ओझं क्रियापदावर येतं: 'आय हॅव बीन गोइंग'. त्यातल्या 'हॅव बीन'मध्ये मागची वर्षं आली आणि 'गोइंग'मध्ये अजून चालू असणं.

मग 'सिन्स' की 'फॉर'? आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, 'आठ वर्षांपासून' आणि 'सातवीपासून'. म्हणून गोंधळ होतो. किती काळ ते मोजून सांगायचं तर 'फॉर एट इयर्स', आणि कुठून सुरुवात झाली ते सांगायचं तर 'सिन्स'. "तुला 'पासून' काढून नुसतं 'आठ वर्षं जातेय' म्हणता येतं ना? मग तिथे 'फॉर' घाल," असं मी तिला सांगितलं. 'सातवी जातेय' असं कुणी म्हणत नाही. ही युक्ती तिला पटली.

मी एका ऑफिसात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. दिवसभर दोन भाषांच्या मधोमध उभं राहून माझं एक मत झालंय: आपल्या मुलांना चुका दाखवणारे खूप भेटतात, चूक कुठून आली हे मात्र फार कमी जण सांगतात. 'आय ॲम लायकिंग ट्रेकिंग' म्हटलं की समोरचा हसतो. पण मराठीत "मला हे पुस्तक आवडतंय" हे अगदी शुद्ध आहे! इंग्रजीत 'लाइक', 'लव्ह', 'नो' ही क्रियापदं मनाची स्थिती सांगतात, म्हणून छंदाबद्दल बोलताना त्यांना सहसा 'इंग' लावत नाहीत. 'आय लाइक ट्रेकिंग.' बस्स.

भूतकाळाचंही तसंच. "मी काल पहाटे गड चढलेय" हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत 'यस्टर्डे' आला की 'हॅव' जातो: 'आय क्लाइम्ब्ड इट यस्टर्डे'. तारीख ठरलेली आणि काळ संपलेला. गडावर तानाजी मालुसरे लढले ते १६७० साली, तिथेही साधा भूतकाळच. पण कधी ते न सांगता नुसता अनुभव सांगायचा असेल तर 'आय हॅव क्लाइम्ब्ड इट मेनी टाइम्स'.

वर पोचून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही समोर आलं तेव्हा आम्ही 'स्टॉप'वर आलो होतो. मला पक्ष्यांचा नाद आहे, हिवाळ्यात कवडीला नदीकाठी जाते. 'आय स्टॉप्ड टू वॉच बर्ड्स' म्हणजे पक्षी बघायला थांबले. 'आय स्टॉप्ड वॉचिंग बर्ड्स' म्हणजे पक्षी बघायचं सोडलं. 'बघायला' आणि 'बघायचं' हा फरक आपल्या भाषेत आधीपासूनच आहे, त्यामुळे तिला तो एका घासात कळला. 'एंजॉय'ला मात्र हे लागू होत नाही. "गडावर जायला आवडतं" म्हणून तिच्या तोंडी 'एंजॉय टू गो' आलं. 'एंजॉय'ला 'टू' चालत नाही, 'एंजॉय गोइंग' असंच हवं. 'लाइक'ला दोन्ही चालतात. हे पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

उतरताना ती वैतागली. "मावशी, एवढं सगळं लक्षात ठेवून मी बोलू कधी?" मी म्हटलं, "रात्री फक्त पाच वाक्यं लिहून पाठव, पण खरी."

साडेनऊला पहिलं आलं: 'आय हॅव बीन गोइंग टू सिंहगड विथ माय मावशी सिन्स आय वॉज ट्वेल्व्ह.'

'सिन्स'पुढे आख्खं वाक्य येऊ शकतं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं.