'मिलिटरी' पत्र

रत्नागिरीत कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं आणि भाषांतराचं टेबल आहे. येणारे कागद ठरलेले: बक्षीसपत्र, मृत्युपत्र, गडग्यावरची, म्हणजे दगडी कुंपणावरची भांडणं. जुलैच्या पावसात एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीतून नोटीस घेऊन आले. मुंबईच्या पुतण्याच्या वकिलाची.

"नात म्हणते, मिलिटरीचं कायतरी आहे. हापूसच्या एका फांदीसाठी मिलिटरी?"

कागदावर इंग्रजी शब्द होता 'मिनटरी'. आजोबांनी पुतण्याला लिहिलेल्या पत्राला वकिलाने लावलेलं विशेषण. इतक्या वर्षांत हा शब्द माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. कोशात अर्थ सापडला, धमकावणारा. साधं 'थ्रेटनिंग' चाललं असतं, पण मग वकील फी कशाची घेणार?

मी 'धमकीचं पत्र' टाइप केलं आणि थांबलो. धमकी म्हटलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 351 आठवतं, फौजदारीपात्र धाकदपटशा. आजोबांनी लिहिलं होतं इतकंच: "फांदी तोडलीस तर पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नको."

म्हणून मुळात शिरलो. लॅटिन 'मिनारी' म्हणजे धमकावणं. त्याचं सख्खं भावंड 'मिनाए', म्हणजे धमक्या, आणि भिंतीचे पुढे आलेले भागही. मूळ कल्पना डोक्यावर झुकून राहण्याची. 'इमिनंट' म्हणजे येऊ घातलेलं, 'प्रॉमिनंट' म्हणजे उठून दिसणारं, हे इंग्रजी शब्द त्याच घरातले. पुढे याच 'मिनारी'चा अर्थ गुरं ओरडून हाकणं असा झाला, त्यातून फ्रेंचमध्ये नेणं, फिरवणं, आणि शेवटी 'प्रॉमेनेड'. पुतण्या मरीन ड्राइव्हला संध्याकाळी फिरतो तो प्रॉमेनेड गुरांमागून आलाय, हे सांगितल्यावर आजोबा पहिल्यांदा हसले.

झुकून राहणारं म्हटल्यावर मला घाटातली दरड दिसली. पावसाळ्यात पडेलच असं नाही, पण खालून जाताना मान आपोआप आत जाते. आणि आपल्याकडे शब्द आहे दरडावणं. दोघांचं नातं आहे असा दावा मी करत नाही, नुसता कानाला लागलेला योगायोग. पण पत्राचा सूर नेमका तोच होता. 'धमकीचं' खोडलं, 'दरडावणीचं पत्र' लिहिलं.

आजोबांनी चष्मा पुसून वाचलं. "दरडावलंय खरं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझी फांदी गडग्यावरून त्याच्या पत्र्यावर वाकलीय, ती पण मिलिटरीच म्हणायची?"

"अगदी मुळातली," म्हटलं.