चौथी सीट

२०१७ साली मी डोंबिवलीहून खारला पहिल्या ओपन माइकसाठी, म्हणजे नवख्यांनाही मंच मिळतो अशा कार्यक्रमासाठी, गेलो, तेव्हा मुंबईत स्टँडअपची नवलाई ओसरली होती. लंडनच्या 'द कॉमेडी स्टोअर'ने २०१० मध्ये लोअर परळच्या पॅलेडियम मॉलमध्ये शाखा काढली, पुढे तिचाच 'कॅनव्हास लाफ क्लब' झाला आणि आमच्या आधीचे अनेक जण तिथे घडले. आमच्या वाट्याला कॅफेंच्या मागच्या खोल्या आल्या. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळत. चार झाली की मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा दाखवी. समोरच्या वीस जणांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या पाळीची वाट पाहणारे कॉमेडियनच असल्यामुळे ते हसत नसत, मनातल्या मनात स्वतःचे जोक घोकत असत.

माझा हमखास चालणारा जोक एकच होता. स्थळ घेऊन आलेले काका विचारतात, "मुंबईत बस्तान बसलं का?" आणि मी म्हणतो, "बसलंय, पण चौथ्या सीटवर." लोकलच्या तिघांच्या बाकावर कडेला टेकलेला चौथा माणूस मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. नाशिकला मात्र हे वाक्य शांततेत विरले. मग मी दीड मिनिट लोकलची आसनव्यवस्था समजावून सांगितली, आणि लोक हसले ते निव्वळ सौजन्य म्हणून. कोल्हापूरला मी स्पष्टीकरण गाळले, स्टूलच्या कडेवर अर्धा टेकलो आणि काही न बोलता शेजारच्या अदृश्य माणसाला खांद्याने रेटत राहिलो. मागून कोणीतरी ओरडले, "ओ, जरा सरकून घ्या की!" ते वाक्य मी तिथल्या तिथे उचलले, आजही त्या जोकचा शेवट त्याच वाक्याने होतो.

या दौऱ्यांचा एसटीचा खर्च माझाच असे. मानधनाचे पहिले पाकीट पुण्यातल्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवात मिळाले. सचिवांनी एक तास मागितला होता. पहिल्या रांगेत आज्या बसलेल्या पाहून मी शिव्या गाळायचे ठरवले आणि चाळीस मिनिटांचा मजकूर बावीस मिनिटांवर आला. खारला ज्यांना मी विनोद समजत होतो, त्यांतल्या कित्येकांत शिवीपलीकडे काही नव्हते, हे मला मंडपात उभे असताना उमगले. उरलेला वेळ मी आज्यांना त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमांविषयी विचारत काढला, आणि त्यांची उत्तरे माझ्या लिहिलेल्या ओळींपेक्षा सरस होती. निघताना सचिव म्हणाले, "छान झालं हो, पण पुढच्या वर्षी जादूगार बोलवायचं ठरतंय." पहाटे मी सिंहगड एक्स्प्रेसने कल्याणला परतलो.

चौथ्या सीटचा जोक मी आता मुंबईतही स्टूलवर बसूनच करतो. फक्त स्टूल उंच आणि डुगडुगणारे असेल तर तो वगळतो, कारण एकदा त्या जोकबरोबर मीही पडलो आहे.