जुन्या संगणकांचे रिमोट डेस्कटॉप टर्मिनल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागत असल्याने लहान कार्यालयांतले कितीतरी धडधाकट संगणक भंगारात निघाले. माझ्या परिचयाच्या एका कर सल्लागारांकडेही हाच प्रश्न होता. त्यांचे सगळे काम टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये चालत असल्यामुळे एकच चांगला विंडोज सर्व्हर घेऊन जुन्या कोअर टू ड्युओ यंत्रांना केवळ त्याचे टर्मिनल (सर्व्हरवर चालणारे काम दाखवणारा पडदा आणि कीबोर्ड) करावे, असे मी सुचवले.

कर्मचाऱ्यांना लिनक्स शिकवायचे नाही, हे पहिल्यापासून पक्के होते. प्रत्येक यंत्रावर डेबियन या लिनक्सची किमान मांडणी, खिडक्या सांभाळणारा हलका ओपनबॉक्स आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपशी (आरडीपी) जोडणारा फ्री-आरडीपी हा प्रोग्राम एवढेच बसवले. बटण दाबले की यंत्र आपोआप लॉगिन होते आणि सर्व्हरचा पासवर्ड विचारणारी चौकट समोर येते; सेशन (सर्व्हरवरचे चालू लॉगिन) संपले की एक छोटी स्क्रिप्ट तीच चौकट पुन्हा उघडते. यंत्रे बरीच असतील, तर एलटीएसपी ही लिनक्स टर्मिनलांची प्रणाली वापरून सगळी नेटवर्कवरून बूट करावीत, म्हणजे हार्ड डिस्कही लागत नाही. मूठभर यंत्रांसाठी तो खटाटोप मला अनाठायी वाटतो. मात्र डेबियन १३ पासून ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, म्हणून अगदी जुनी पेंटियम यंत्रे या कामात धरू नयेत.

मराठी टायपिंगची सर्वांना धास्ती होती. प्रत्यक्षात फ्री-आरडीपी दाबलेल्या कळीचा क्रमांक तेवढा सर्व्हरकडे पाठवते आणि त्या कळीचे अक्षर विंडोज ठरवते. त्यामुळे टर्मिनलवर साधा इंग्रजी कीबोर्ड ठेवून मराठी इनस्क्रिप्ट सर्व्हरवरच निवडावा. दोन्हीकडे मराठी लावण्याची गरज नाही.

खरा वेळ खाल्ला तो डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनने. विवरणपत्रे भरताना हे टोकन रोज लागते, आणि सहज सुचणारा मार्ग म्हणजे ते सर्व्हरलाच लावून ठेवणे. परंतु रिमोट सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड (हे टोकनही त्यातच मोडते) सर्व्हरवर न शोधता समोरच्या टर्मिनलवर शोधते, त्यामुळे सर्व्हरला खोचलेले टोकन सेशनमधून दिसतच नाही. टोकन टर्मिनललाच लावायचे, तेथे स्मार्ट कार्ड वाचणारी पीसीएससी सेवा चालू ठेवायची, फ्री-आरडीपीला स्मार्ट कार्ड पुढे पाठवण्यास सांगायचे आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवायचा, अशी ही जोडणी आहे. टोकनांचे प्रकार अनेक असल्याने जुनी व्यवस्था मोडण्याआधी आपल्याकडचे प्रत्येक टोकन तपासून घेतलेले बरे.

लिनक्स फुकट असले, तरी ही व्यवस्था फुकट नाही. प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे रिमोट डेस्कटॉपचा परवाना घ्यावा लागतो, आणि साध्या विंडोज प्रोला युक्तीने अनेक सेशन चालवायला लावणे परवान्याच्या अटींत बसत नाही. वाचलेले पैसे सर्व्हरची रॅम, एसएसडी, रोजचा बॅकअप आणि दमदार यूपीएस यांवर खर्च करावेत, कारण सर्व्हर बंद पडला तर सगळे कार्यालय हातावर हात धरून बसते. उलट टर्मिनलची वीज गेली, तर अर्धवट भरलेले व्हाउचर सर्व्हरवर जसेच्या तसे उघडे राहते आणि वीज आल्यावर पुन्हा लॉगिन केले की तेथूनच काम सुरू होते.

घरून काम करता यावे म्हणून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटसाठी खुला करण्याची मागणी हमखास होते. मी ती साफ नाकारली. २०१९ मधल्या ब्लूकीप या त्रुटीमुळे पासवर्ड न देताही जुन्या विंडोज यंत्रांचा ताबा घेता येत होता, आणि उघडे आरडीपी पोर्ट शोधणारे स्कॅनर इंटरनेटवर अखंड फिरत असतात. घरून येणाऱ्यांसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारा दुवा) बसवले आहे. ते जोडल्याशिवाय सर्व्हरची लॉगिन चौकटच दिसत नाही.