तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकात त्याचं नाव का नाही?

शाळेत गोष्ट वाचून झाली, मुलं पांगली, की एखाद्या बाई जवळ येऊन विचारतात, "मुलाच्या आठवणीसाठी लिहिता ना ही पुस्तकं? मग त्याचं नाव कुठेच कसं नाही?" नातेवाईकही विचारतात. आज सविस्तर सांगते.

माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हाच, आणि आज त्यातली बरीच मुलं बरी होतात. आमचा झाला नाही. सहा वर्षांचा होता.

उपचारांसाठी आम्ही पहाटेच्या मुक्कामी गाडीनं तालुक्याला आणि तिथून मुंबईला जायचो. आदल्या संध्याकाळी गावात येऊन थांबलेली एसटी सकाळी आम्हालाच घेऊन निघते, याचं त्याला फार अप्रूप. "मग ड्रायव्हरकाका रात्री कुठे झोपतात? त्यांना जेवायला कोण देतं? गाडीला थंडी वाजत नाही?" माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी एका कंडक्टरदादांना हेच विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं: सीटवर पसरलेली वळकटी, उन्हाळ्यात टपावर झोपणं, कुणाच्या तरी घरून येणारी भाकरी, पहाटे हातपंपावर तोंड धुणं. माझं पहिलं पुस्तक म्हणजे एवढंच. एक मुलगी हे प्रश्न विचारते आणि तिला उत्तरं मिळतात.

मुलगी, हो. चित्रकार ताईंनी त्याचा फोटो मागितला होता, मी दिला नाही. पुस्तक उघडणाऱ्या पोराला त्या पानावर स्वतःला बसता आलं पाहिजे. तिथे माझा मुलगा बसलेला असेल, तर दुसऱ्याला जागा उरत नाही. आणि पहिल्याच पानावर 'कै.' आलं की वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचा आवाज बदलतो. मुलांना ते लगेच कळतं, मग गोष्ट बाजूला राहते. माझ्या दुःखाचं ओझं दुसऱ्याच्या पाच वर्षांच्या लेकरानं का उचलावं?

आमच्या सासूबाईंना हे पटलं नाही. त्यांनी गावच्या देवळात पंखा दिला, पात्यांवर त्याचं नाव घालून घेतलं. ते योग्यच आहे. देवळात येणारी माणसं त्याला ओळखत होती, वर बघून दोन शब्द बोलतात. त्याचं नाव तिथे आहे. पुस्तकात त्याचे प्रश्न आहेत.

आणखी एक गोष्ट त्याची आहे, ती मात्र कुणाला दिसत नाही. पुस्तकाची बांधणी. वॉर्डात त्याच्या एका हाताला सुई लावलेली असायची, त्यामुळे पान उलटायला एकच हात मोकळा. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं पोटावर पेलायची नाहीत. गुळगुळीत कागद ट्यूबलाइटखाली इतका चकाकायचा की चित्रच दिसायचं नाही. केमोनं तोंड आलं की बोलवत नसे, मग तो चित्रावर बोट ठेवायचा आणि मी बोलायचे. म्हणून आमचं प्रत्येक पुस्तक एका फॉर्म्याचं, म्हणजे 16 पानी, मधोमध पिन मारलेलं, हलकं, सपाट उघडणारं. आतला कागद मॅट. कव्हरला लॅमिनेशन, कारण या मुलांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या की जंतुसंसर्गाची भीती असते आणि कव्हर तरी पुसून घेता येतं. चित्रांत बोट ठेवण्यासारखं खूप काही आणि मजकूर कमी. प्रेसवाले म्हणतात, थोडी जाड केलीत तर किंमत जास्त लावता येईल. नाही करणार.

रवींद्रनाथ ठाकुरांनी 'शिशु'मधल्या बऱ्याच कविता 1903 साली अलमोड्याला लिहिल्या. पत्नी आदल्या वर्षी गेली होती, मुलगी रेणुका क्षयानं आजारी होती. ती त्याच वर्षी गेली, धाकटा शमी 1907 मध्ये कॉलऱ्यानं. त्यातली 'वीरपुरुष' बंगाली मुलं आजही पाठ म्हणतात, आणि ती पालखीतल्या आईला दरोडेखोरांपासून वाचवणाऱ्या मुलाची कविता म्हणूनच. रेणुका, शमी त्यांना माहीत असायची गरज पडत नाही. हे वाचलं तेव्हा मला मोठा आधार वाटला.

"सारखं त्यातच राहून त्रास होत नाही का?" असंही विचारतात. होतो. पण त्याचे प्रश्न अनुत्तरित ठेवले तर जास्त होतो.

सध्या त्याच्या चादरींच्या प्रश्नावर काम चाललंय. "दवाखान्यातल्या एवढ्या चादरी वाळत कुठे घालतात?" त्यासाठी महालक्ष्मीच्या धोबीघाटावर गेले. तिथे हॉटेलं आणि दवाखान्यांचे कपडे येतात. चिमटे वापरतच नाहीत, दोन दोऱ्या एकमेकींत पिळून बांधतात आणि त्या पिळात कापडाचं टोक खुपसतात. कितीही वारा सुटो, पडत नाही. चित्रकार ताईंना पुढच्या आठवड्यात तिथे घेऊन जायचंय, पीळ नीट काढता आला पाहिजे.